बाईसाहेबांचा आखडता हात

माझ्या नवऱ्याला सगळं गाव 'बाईसाहेब' म्हणायचं. सहा फूट उंची, दारात अडकतील असे खांदे, छातीवर आलेली दाढी, आणि शेतमालकापासून पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीपर्यंत जो तो मला विचारणार, "काय, बाईसाहेब बऱ्या आहेत ना?" गावात नवीन आलेला माणूस गोंधळून माझ्याकडेच बघायचा. मी म्हणायची, "मी नव्हे हो. त्या बघा, कुंपणाशी पाइप ओढतायत त्या."

इंग्लंडातल्या सफोक परगण्यात, आमच्याकडे, सुगीआधी कापणारे गडी आपल्यातल्याच एकाला सरकार नेमतात. सुगीच्या मजुरीचा सौदा मालकाशी तोच करणार. शेतात सगळ्यांत पुढची पात त्याची. तो थांबला की सगळे थांबणार, त्यानं विळ्याला दगड लावला की सगळे लावणार. त्याच्या पाठीमागची दुसरी पात ज्या गड्याची, तो सरकारची बाईसाहेब. हे असं का, ते मला विचारू नका. माझ्या आजोबांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं.

तर सरकार होते माझे बाबा, जेथ्रो गॅरड, आणि बाईसाहेब होता माझा नवरा, ओबेद स्माय. घरात सासरा-जावई, शेतात सरकार-बाईसाहेब, आणि मी दोघांच्या मागून पेंढ्या बांधत चालणारी.

ओबेद बोलायला फार महाग. मला मागणी घालायला आला तेव्हा आमच्या कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "केझाया, तुमच्या डुकरिणीला पिल्लं झाली वाटतं." पुढच्या रविवारी आला, पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं, "डुकरिणीचं पुरे झालं. माझ्याबद्दल काही बोलायचंय का?" तो कानापर्यंत लाल झाला. "तेच तर बोलत होतो," म्हणाला.

असा माणूस. कापताना पातीत तितराचं घरटं लागलं, तर गव्हाचा तेवढा झुपका उभा ठेवून पुढे जायचा. मग बाबा पुढून ओरडणार, "काय जावईबापू, पाखरांना घर भाड्यानं दिलंत वाटतं!" बाबांच्या तोंडी त्याचं नाव कधी येत नसे. खूश असले तर जावईबापू, नसले तर गोगलगाय. दारूच्या गुत्त्यात चार माणसांत हसून सांगायचे, "माझ्या मुलीला गावभर माणसं होती, पण तिनं गोगलगायच निवडली. माझ्यामागं वीस पावलांवर असतो. मला तर वाटतं, वाटेत शिंग बाहेर काढून बघत बसतो." लोक हसायचे. ओबेदही हसायचा आणि बाबांचा पेला भरून आणायचा.

खरं काय होतं, ते मला ठाऊक होतं, कारण त्याच्या मागून मी बांधत होते. बाबांना एका हिवाळ्यात छातीचा ताप आला. सगळ्यांनी आशा सोडली होती. ते उठले, पण त्यांच्या खांद्यातला जोर काही परत आला नाही. त्या सुगीला मी ओबेदच्या मागून पेंढ्या बांधू लागले, तर एरवी हातात न मावणारा गहू गोळा करायला मला दुप्पट चालावं लागलं. पात अगदी चिंधीसारखी अरुंद. घरी आल्यावर मी म्हटलं, "काय रे, तुझ्या विळ्याला झालं काय?"

"बोथट झाला असेल."

"तुझा विळा? त्यानं पाद्रीबाबांची दाढी होईल!"

त्यानं पाव मोडला, बराच वेळ चावला. मग म्हणाला, "केझाया, ते पुढे आहेत गं."

एवढंच. पण कापणीच्या रांगेत राहिलेल्याला एवढं पुरतं. आमचे विळे लांब दांड्याचे. उभ्यानं, कमरेतून वळून, दोन्ही हातांनी फेकायचे. मागच्याचा विळा पुढच्याच्या टाचेशी पोचला, की पुढच्यानं बाजूला होऊन वाट द्यायची. आणि ज्या सरकारनं एकदा वाट दिली, तो पुन्हा सरकार होत नाही. ओबेद पुरा हात फेकता तर बाबांनी पहिल्याच सकाळी वाट दिली असती. म्हणून तो अर्धाच हात फेकायचा, कोपरं पोटाशी धरून, आणि वर गोगलगाय म्हणवून घ्यायचा.

बाकीच्या गड्यांनाही कळत होतंच. तिसरी पात धरणारा जोनास पिझी कधी कधी वैतागायचा, "बाईसाहेब, नाताळपर्यंत तरी पोचू ना आपण त्या टोकाला?" पण पुढे कोणी बोलत नसे. एक तर बाबा सगळ्यांना हवे होते. मालकाशी सौदा करावा तर त्यांनीच; बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. आणि दुसरं म्हणजे, बाबांकडे त्या पुढच्या पातीवाचून होतं काय? आई गेलेली, घर मालकाचं. सुगीच्या त्या दिवसांवर ते उरलेलं वर्ष काढायचे. आपण पुढे आहोत ते जावयानं हात आखडता घेतलाय म्हणून, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी अंथरूण धरलं असतं, आणि ओबेदला मरेपर्यंत माफ केलं नसतं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आमचं चाललं होतं.

तेवढ्यात पेलिंगसाहेब आले, चित्रं काढणारे.

ते लंडनहून आले, गाढवावर सामान लादून, भर सुगीत, आणि पातीच्या टोकाशी पांढरी छत्री रोवून बसले. सुगीत शेताशी आलेल्या परक्यानं गड्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचं ही आमची रीत. त्यांना ती ठाऊक नव्हती. बाबांनी टोपी पुढे केली, साहेबांनी घाबरून खिशातलं सगळं टोपीत टाकलं, आणि मग रिवाजाप्रमाणे सगळ्या गड्यांनी गोल करून आभाराची अशी आरोळी ठोकली की गाढव दावं तोडून पळालं ते थेट चर्चच्या आवारात सापडलं. मला साहेब तेव्हापासूनच आवडले. गाढव धरून आणून पुन्हा तिथेच बसले.

सुगीभर ते बसून रेखाटत राहिले. माणूस सभ्य होता आणि त्याची नजर पक्की होती, हेच पुढे नडलं. सुगीनंतर मालकांनी त्यांना एक रिकामं कोठार दिलं. भिंतीएवढा कापडाचा पडदा ताणून साहेब हिवाळाभर त्यावर रंगवत होते. एकेकाला बोलावून उभं करायचे. जोनास परत येऊन म्हणाला, "आयुष्यात एवढा दमलो नाही. काहीही न करता उभं राहायचं म्हणजे काय खायचं काम आहे!" बाबा मात्र रोज जायला तयार. पुढची पात त्यांची, म्हणजे चित्रातही तेच पुढे. गुत्त्यात सांगायचे, "लंडनचे लोक तिकीट काढून बघणार, सरकार कोण आहे ते. आणि मागे बघतील तर गोगलगाय!"

उन्हाळा लागला तेव्हा साहेबांनी मलाही बोलावलं. मागच्या बाजूला पेंढी बांधणारी बाई हवी होती. मी गेले, आणि चित्र पाहून दारातच थबकले. गहू असा की कुसळं बोचतील. पुढे बाबा. मागे ओबेद, आणि त्याची कोपरं पोटाशी, विळा अर्ध्यावर थांबलेला. साहेबांनी जे पाहिलं ते तसंच्या तसं काढलं होतं. ज्यानं जन्मात एकदा विळा धरलाय, त्याला लांबून कळलं असतं की हा गडी हात राखून कापतोय.

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, ह्याचा हात जरा लांबवा की."

"मी त्यांना असंच पाहिलं, मिसेस स्माय. रोज."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. दुसरा उपायच नव्हता. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, "मला वाटलं होतं त्यांची तशीच लकब आहे." मग कोळसा घेऊन त्यांनी ओबेदचा हात लांबवला, विळा पुढे आणला, आणि आम्ही दोघं मागे सरून बघू लागलो. विळ्याचं पातं नेमकं बाबांच्या टाचेवर आलं होतं. चित्रात माझ्या नवऱ्यानं माझ्या बापाचा पाय कापला होता.

"तुमच्या वडिलांना पुढे सरकवतो," साहेब म्हणाले. पण पुढे सरकवलं तर बाबा अर्धे चौकटीबाहेर. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. आणि चार दिवसांनी मालक सगळ्या गावाला कोठारात बोलावून चित्र दाखवणार होते. नंतर ते लंडनला जायचं होतं.

मी म्हटलं, "मग मला पुढे घ्या. इथे, ह्याच्या हातापुढे उभी करा. वाकून गहू गोळा करतेय अशी."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुम्ही तिथे असता? मला आठवत नाही."

"असते ना. तुम्ही छत्रीखाली होता, दिसलं नसेल."

त्यांना खरं वाटलं नसावं. पण त्यांनी माझी पांढरी टोपी आणि तो पिवळा गहू जवळ जवळ धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तशीही इथे काहीतरी पांढरं हवंच होतं," असं स्वतःशीच म्हणत कामाला लागले. माझ्या घागऱ्यामागे ओबेदची कोपरं गेली, विळाही गेला. मी घरी येताना वाटभर गात होते.

कोठारात सगळं गाव लोटलं. पिंपांवर चित्र उभं, वर चादर. बाबा रविवारचा कोट घालून सगळ्यांत पुढे. चादर निघाली आणि एकच गलका झाला. जो तो आपल्याला शोधत होता.

"माझं नाक एवढं आहे?" जोनासनं विचारलं.

"साहेबांनी कमीच काढलंय," त्याची बायको म्हणाली.

बाबा स्वतःकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. "वा," म्हणाले, "वा, साहेब. पाठ माझीच." मग त्यांची नजर मागे गेली आणि कपाळावर आठी आली.

"केझाया, तू इथे काय करतेयस?"

"साहेबांनी उभं केलं, बाबा."

"दोन विळ्यांच्या मधे? तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा इथे पाय टाकलास म्हणून मी तुझ्या थोबाडीत दिली होती. तेव्हापासून तू कधी तिथे गेली नाहीस. आणि चित्रात जातेस?"

"चित्रात पाय कापला जात नाही, बाबा."

कोणी हसलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं. मला वाटलं सगळं कोठार माझ्याकडे बघतंय. बाबा चित्राजवळ गेले. माझा घागरा चांगला रुंद होता, पण त्याच्याखालून ओबेदचे बूट दिसत होते. त्या बुटांचा विचार मला सुचलाच नव्हता. हात मोकळा फेकणाऱ्या गड्याचा भार पुढच्या पायावर जातो. ओबेदचा सगळा भार मागच्या टाचेवर होता, उतारावर बैलाला आवरून धरणाऱ्या गाडीवानासारखा.

बाबांनी ते बूट पाहिले. मग स्वतःची पाठ पाहिली. मग मागे वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. गडी आपापल्या टोपीचे काठ चाचपत खाली बघत होते. जोनासला खोकला आला. ओबेद दाराशी उभा होता, चेहरा पांढराफटक.

"बूट चांगले काढलेत, साहेब," बाबा म्हणाले. टोपी डोक्यावर घातली आणि निघून गेले.

मग सुगी लागेपर्यंत बाबांनी एक टोमणा मारला नाही. माझ्या घरी आले, जेवले, गेले. ओबेदची अन्नावरची वासना उडाली. एक दिवस तो कामावरून आला आणि खुर्चीत बसून राहिला.

"काय झालं?"

"आज त्यांनी मला 'ओबेद' म्हटलं," तो म्हणाला. कोणी मेल्याची बातमी सांगावी तसं.

मी हसायला गेले आणि रडूच आलं. "मग चांगलंच की," मी म्हटलं.

"चांगलं नाही, केझाया. मी यंदा शेजारच्या गावी सुगीला जातो. मी रांगेत नसलो तर ते जोनासच्या पुढे राहतील. जोनास सांभाळून घेईल."

"जोनास सांभाळून घेईल! जोनासला स्वतःचं नाक सांभाळता येत नाही." पण मनातून मला भीती वाटत होती. एक बाप, एक नवरा, आणि दोघंही मान खाली घालून माझ्याच स्वयंपाकघरात बसणार असं दिसत होतं. मी ओबेदला एवढंच म्हटलं, "तू गेलास तर त्यांना वाटेल तू त्यांची कीव करतोस. राहा." तो राहिला.

सुगीच्या सकाळी सगळे मालकाच्या अंगणात जमले. बाबा आले, हातात त्यांची सरकारपणाची टोपी, भोवती पॉपीची लाल फुलं आणि गव्हाच्या ओंब्या खोचलेल्या. मालक बाहेर आले आणि बाबांनी सौदा केला, असा की मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. आवाज चढवला, पाऊस पडेल म्हणून घाबरवलं, दोनदा निघून जायचं नाटक केलं. मालकांनी शेवटी हातावर हात मारून सौदा मान्य केला. गडी खूश झाले.

मग बाबांनी ती टोपी ओबेदच्या छातीवर टेकवली.

"सौदा मी केला. पुढची पात ह्याची."

ओबेद मागे सरकला. "नको, सरकार."

"सरकार तू. मी बाईसाहेब. दाढी मलाही आहे, शोभून दिसेन." जोनास पहिला हसला, मग सगळेच. पण बाबा हसत नव्हते. ते ओबेदकडे बघत टोपी तशीच धरून उभे होते. ओबेदनं ती घेतली. त्याच्या मोठ्या डोक्यावर ती बसेना, तशीच वर ठेवली.

शेतात पाती लागल्या. ओबेद पुढे, बाबा मागे, मग जोनास आणि बाकीचे. ओबेदनं विळा उचलला आणि कापायला लागला. कोपरं पोटाशी. अर्धा हात. बाबांना मागून सहज गाठता यावं असा, सावकाश.

बाबांनी विळा थांबवला आणि ओरडले, "जावईबापू!"

सगळी रांग थांबली.

"आता तुझ्यापुढे माझ्या टाचा नाहीत. उघड हात."

ओबेदनं वळून पाहिलं. मग त्यानं टोपी काढून बांधावर ठेवली, पाय रोवले आणि विळा फेकला. मी त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तो असा कापायचा. मी विसरूनच गेले होते. गहू सर्रकन एका अंगावर पडत होता आणि पात गाडीरस्त्याएवढी रुंद होत होती. जोनास मोठ्यानं शिवी देऊन म्हणाला, "अरे, आठ वर्षं हे कुठे लपवलं होतंस!"

बाबांनी ओकच्या झाडापर्यंत साथ दिली. त्यांची पाठ भिजली, श्वास वाजायला लागला. झाडाशी त्यांनी विळा खांद्यावर घेतला आणि बाजूला होऊन कापलेल्या धसकटात उभे राहिले. रांग त्यांच्यासमोरून जाऊ लागली. जोनासनं जाताना टोपीला हात लावला. त्याच्या मागच्यानं लावला. शेवटच्या गड्यापर्यंत प्रत्येकानं लावला.

मग बाबा चालत माझ्याकडे आले. विळा खाली ठेवला, माझ्याशेजारी वाकून गहू कवेत घेतला, काडं पिळून दोरी केली आणि पेंढी आवळली.

"कधीपासून गं?" त्यांनी पेंढीकडे बघत विचारलं.

"तुम्ही तापातून उठलात तेव्हापासून."

त्यांनी दुसरी पेंढी बांधली. "आणि मी त्याला गोगलगाय म्हणत होतो."

"रोज," मी म्हणाले. "रविवारी दोनदा."

त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, मी विचारलं नाही. मीही पुसलं. ओबेद लांब पोचला होता, त्याचा विळा ढगाआडून आलेल्या उन्हात चमकत होता, आणि आम्ही दोघं जितकं बांधू त्याच्या दुप्पट तो पाडत होता.

बाबा कमरेवर हात देऊन सरळ उभे राहिले. तोंडाशी दोन्ही हात धरून, सगळ्या शेताला ऐकू जाईल असे ओरडले, "सावकाश, सरकार! मागे म्हातारी माणसं आहेत!"

ओबेद तिथूनच मोठ्यानं हसला. आणि माझ्या नवऱ्यानं, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या बाबांचं ऐकलं नाही.